प्रकल्प संपल्यावर गर्भवतींच्या तपासण्या कोणी सांभाळायच्या?

गर्भवतींच्या एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी तपासणीचा आपल्या केंद्रातला प्रकल्प आजवर बाहेरची संस्था चालवत होती, तिचा करार आता संपत आहे आणि पुढे हे काम स्थानिक आरोग्य पथकाने कसे हाती घ्यावे, असे आपण विचारले आहे. किट आणि प्रशिक्षण यांची तयारी आपण सविस्तर लिहिली आहे. परंतु पॉझिटिव्ह निकाल आल्यावर पुढे कोणी काय करायचे, याचा उल्लेख तीत नाही, आणि माझ्या अनुभवात काम तिथेच अडते.

मी काम करत असलेल्या केंद्रात एका गर्भवतीचा सिफिलिसचा निकाल तंत्रज्ञाने रजिस्टरमध्ये लाल शाईने नोंदवला होता, पण शेजारचा उपचाराच्या तारखेचा रकाना पाच आठवडे कोराच राहिला. तंत्रज्ञ परिचारिकेच्या भरवशावर होता, परिचारिका समुपदेशकाच्या, आणि समुपदेशकाची बदली झालेली होती. पहिले इंजेक्शन मिळाले तेव्हा प्रसूतीला जेमतेम तीन आठवडे उरले होते. पेनिसिलिन प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी सुरू झाले नाही, तर बाळाच्या दृष्टीने आईचे उपचार अपुरे धरले जातात. त्यामुळे त्या नवजात बाळाला दहा दिवस सुया टोचून घ्याव्या लागल्या. ते मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून सर्वांत आधी त्या कोऱ्या रकान्याला एक नाव द्या. रोज काम संपण्यापूर्वी रजिस्टर उघडून पाहणारी एकच व्यक्ती ठरवावी आणि ती रजेवर असताना कोण पाहील, हेही लिहून ठेवावे. एचआयव्ही आणि सिफिलिस यांची एकत्रित जलद चाचणी मिळत असेल तर तीच वापरावी, कारण निकाल त्याच भेटीत हाती येतो आणि बेंझाथिन पेनिसिलिनचा २४ लाख युनिटचा पहिला डोसही तेव्हाच देता येतो. आजाराची अवस्था ठाऊक नसेल, तर आठवड्याच्या अंतराने असे तीन डोस लागतात, आणि गळती बहुधा दुसऱ्या डोसाला होते. जोडीदारावर उपचार झाले नाहीत, तर तिला पुन्हा लागण होऊ शकते.

हिपॅटायटिस बीसाठी प्रसूतिकक्षातील कर्मचारीही पथकात हवेत, कारण बाळाला लशीचा पहिला डोस २४ तासांच्या आत मिळायला हवा.

गोपनीयतेचा प्रश्न मात्र स्थानिक पथकात अधिक नाजूक होतो. बाहेरून आलेला समुपदेशक त्या स्त्रीला ओळखत नसे. आपली परिचारिका कदाचित तिच्या सासूलाही ओळखत असेल. रजिस्टर कुलपात ठेवणे आणि ते कोणी उघडायचे हे ठरवणे, हे काम पहिल्याच दिवशी व्हावे, कारण एकदा बातमी फुटली की पुढच्या कितीतरी स्त्रिया तपासणीलाच येत नाहीत.

महिन्याच्या बैठकीत किती तपासण्या झाल्या, एवढेच विचारू नका. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जणींचे उपचार पूर्ण झाले, हे विचारा. एचआयव्ही आणि सिफिलिसचे आईकडून बाळाकडे होणारे संक्रमण रोखल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०१५ मध्ये सर्वप्रथम क्यूबाला मिळाली. त्या मान्यतेसाठी तपासणीबरोबर उपचारांचे प्रमाणही किमान ९५ टक्के असावे लागते.

संस्थेला एक विनंती जरूर करा: शेवटचे दोन महिने तिच्या माणसांनी कामाला हात न लावता फक्त शेजारी बसावे आणि रकाना कुठे कोरा राहतो ते आपल्या पथकाला त्याच दिवशी दाखवावे.