वाचकांचे प्रश्न : देणगीतली खोकी आणि विस्कटलेला क्रम

प्रश्न : इतिहासात एम.ए. आणि ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतल्यानंतर मी नवी मुंबईतील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, विशेष संग्रह विभागात, सहायक म्हणून तीन महिन्यांपूर्वी कंत्राटी पद्धतीने रुजू झाले. एका दिवंगत प्राध्यापकांच्या घरून पुस्तके, वह्या, पत्रे आणि सुटे कागद अशी बावीस खोकी देणगी म्हणून आली होती. ग्रंथपाल मॅडम रजेवर असताना मी पुस्तके विषयवार लावली, पत्रे तारखेनुसार रचली आणि पुस्तकांत सापडलेल्या चिठ्ठ्या, पावत्या, तिकिटे एका पाकिटात एकत्र ठेवली. मॅडम परत आल्यावर ‘हे करायला कुणी सांगितलं होतं?’ एवढेच म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नीटनेटकेपणाबद्दल बोलणी का खावी लागली, आणि आता काय करता येईल? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात आपण वर्गीकरण शिकतो, म्हणजे आलेले पुस्तक त्याच्या विषयाच्या जागी नेऊन ठेवणे. विशेष संग्रहात मात्र एखाद्या माणसाचा संग्रह जसा आला तसाच काही काळ राहू द्यावा लागतो, कारण कोणता कागद कशाच्या शेजारी होता हीदेखील माहितीच असते. हे तत्त्व आपल्याकडे नवीन नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांच्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात आणि संशोधक आजही रुमालाचा क्रमांक देऊन संदर्भ लिहितात. त्या रुमालांतले कागद कुणी विषयवार लावायचे मनावर घेतले, तर आजवर छापलेल्या शेकडो तळटिपा एका दुपारीत निरुपयोगी होतील.

माझ्या उमेदवारीतला एक प्रसंग सांगतो. एका संग्रहातील व्याकरणाच्या पुस्तकात पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिले होते, ‘पटत नाही, पत्र पाहा.’ ते पत्र त्याच पानात घडी घालून ठेवलेले असणार, कारण कागदावर घडीचा पिवळसर चौकोनी डाग उमटला होता. पण पत्र तिथे नव्हते. माझ्याआधीच्या कुणीतरी ते पत्रव्यवहाराच्या फाइलीत तारखेप्रमाणे लावले होते, आणि त्या फाइलीत त्या वर्षाची साठेक पत्रे होती. कोणते पत्र पाहायचे ते आम्हाला अखेरपर्यंत कळले नाही. आपल्या पाकिटातील तिकिटांचे आणि पावत्यांचेही असेच आहे. दुकानाची पावती पुस्तकात असते तोवर ते पुस्तक कुठून आणि केव्हा घेतले हे सांगते. बाहेर काढली की ती नुसती पावती होते.

आता उपायाचे. पहिली गोष्ट म्हणजे आठवणीवरून मूळ क्रम पुन्हा लावू नका. अंदाजाने लावलेला क्रम खरा समजला जातो आणि तो विस्कटलेल्या क्रमाहून घातक ठरतो. त्याऐवजी आठवते ते सारे आजच लिहून काढा : कोणत्या खोक्यात काय होते, खोक्यावर घरच्यांनी काही लिहिले होते का, कोणती चिठ्ठी कोणत्या पुस्तकातून निघाली. खोकी उघडताना मोबाइलवर छायाचित्रे काढली असतील, तर त्यांची वेळ पाहून उघडण्याचा क्रम कळेल. बऱ्याच चिठ्ठ्यांचे डाग पुस्तकांच्या पानांवर असतील. आकार जुळला तर तशी नोंद करा, मात्र ‘डागावरून’ असे स्पष्ट लिहा. खोकी कोणत्या कपाटांतून भरली हे देणगीदारांच्या घरी विचारता येईल, पण तेथे मॅडमना विचारून आणि शक्यतो त्यांच्याबरोबर जा. शेवटी दाखल नोंदवहीत त्या देणगीसमोर लिहा की मूळ क्रम अमुक दिनांकाला, यादी होण्यापूर्वी बदलला गेला. ही ओळ स्वतःच्या हाताने लिहिणे जड जाईल, परंतु पुढे येणारा अभ्यासक त्या क्रमावरून भलता निष्कर्ष काढणार नाही, आणि मॅडमचा राग जाण्याचाही दुसरा मार्ग मला दिसत नाही. (नव्या कंत्राटी सहायकाजवळ बावीस खोकी सोपवताना चार ओळींची लेखी सूचना ठेवायला हवी होती, हे मी त्यांच्यासमोरही म्हणेन.)

पुढच्या वेळी खोके उघडण्याआधी त्याला क्रमांक द्या, उघडल्यावर वरूनच एक छायाचित्र घ्या आणि वस्तू जशी हाती येईल तशी यादीत उतरवा. लिहायला पेन्सिलच वापरा, बॉलपेन त्या टेबलाजवळ नकोच. हातमोज्यांचा फार बाऊ करू नका : जुन्या कागदाला स्वच्छ, कोरडे हातच बरे, कारण मोजा घातला की पानाची कड जाणवत नाही आणि ती फाटते, छायाचित्रे हाताळताना मात्र मोजे घाला. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही वर्षांनी तपकिरी होऊन कागदात उतरतो.

आणि नवी देणगी जुन्या कपाटांपासून निदान काही आठवडे दूर ठेवा. घरातून आलेल्या खोक्यांबरोबर कसर, वाळवी आणि बुरशी येते, आणि खाडीकाठच्या आपल्या पावसाळ्यात त्यांना आमंत्रण लागत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरू लागते. पुष्कळ कार्यालयांत दिवसा वातानुकूलन चालते आणि संध्याकाळी वीज वाचवण्यासाठी बंद होते. या रोजच्या चढउताराने कागद आणि बांधणी दोन्ही थकतात. त्यापेक्षा पंखा आणि मोकळी हवा परवडली, हे प्रशासनाला पटवणे सहायकाच्या हाती नसले, तरी आर्द्रतामापकाचे आकडे दिवसातून दोनदा लिहून ठेवणे नक्कीच त्याच्या हाती आहे.

प्रश्न : ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षा झाली आहे. विशेष संग्रहात काम मिळावे म्हणून मोडी शिकावी का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : जरूर शिकावी, राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. अक्षरओळख लवकर होते, सराव मात्र वर्षानुवर्षांचा असतो, कारण मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. विद्यापीठातील पदांसाठी पदवीची अट बहुधा असते, तेव्हा तिच्याही मागे लागा.

पण सहायकाला रोज अडते ते छापील पुस्तकांच्या नोंदीत. जुन्या पुस्तकावर ‘कांहीं’ असे छापलेले असते, तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर शिकलेला विद्यार्थी संगणकावर ‘काही’ असे शोधतो आणि पुस्तक नाही असे समजून परत जातो. म्हणून मूळ शीर्षक जसेच्या तसे उतरवून आजच्या लेखनातील रूप वेगळ्या रकान्यात द्यावे. ग्रंथालयाच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘कोहा’ या संगणक प्रणालीत त्यासाठी २४६ क्रमांकाचे क्षेत्र आहे. लेखकांचेही तेच : ‘लोकहितवादी’ आणि गोपाळ हरि देशमुख ही दोन नावे नोंदीत एकमेकांना जोडलेली नसतील, तर एकाच माणसाची पुस्तके दोन ठिकाणी विखुरतात.

शकाचा हिशेबही पक्का करा. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे सारेच सांगतात. पण शक चैत्रात बदलतो आणि सन जानेवारीत, त्यामुळे शक वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. मुखपृष्ठावर नुसते ‘शके १८०९’ असेल तर १८८७-८८ असे लिहावे, आणि ‘माघ शके १८०९’ असेल तर १८८८. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले आहे. तेथे जुनी पुस्तके पाहायची परवानगी मिळाली, तर दहा मुखपृष्ठांच्या नोंदी वहीत उतरवून पाहा आणि मुलाखतीला ती वही बरोबर न्या.