समुद्रतळाचा गाळ प्रदूषित झाला तर शिंपल्यांच्या वागण्यात काय फरक पडतो?

सगळ्यात आधी बदलतं ते गाळात शिरणं. स्वच्छ गाळावर ठेवलेली निरोगी तिसरी (हा एक प्रकारचा शिंपला) मांसल पाय बाहेर काढते, खाली खुपसते, त्याचं टोक फुगवून नांगरासारखं रोवते आणि शिंपला आत ओढते. बघता बघता दिसेनाशी होते. गाळात तांबं किंवा जस्त जास्त असेल तर हे काम रेंगाळतं. कधी ती वरच पडून राहते आणि खेकड्या-माशांच्या तोंडी जाते. म्हणजे विषाने मेली नाही तरी विषामुळेच मेली! म्हणून नुसते मेलेले शिंपले मोजून गाळ सुरक्षित ठरवणं मला अजिबात पटत नाही.

न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरच्या माकोमोना लिलिआना या शिंपल्याची इवलीशी पिल्लं तर नकोसा गाळ सोडून पाण्यासोबत वाहत दुसरीकडे जातात. मोठ्यांना ते तितकंसं जमत नाही. ते शिंपला मिटून घेतात, पण त्यामुळे खाणं आणि प्राणवायू दोन्ही तुटतं, त्यामुळे कधीतरी उघडावाच लागतो.

एक मात्र पाहा: गाळाच्या कणांचा आकार किंवा प्राणवायूची कमतरता यांनीही शिरण्याचा वेग बदलतो. तुलना तशाच पोताच्या स्वच्छ गाळाशीच करा.