ओठांची सर्जरी केली तर नाक-हनुवटीही वेगळी दिसते का?

हो, नाक-हनुवटीला हात न लावताही. लिप लिफ्टमध्ये नाकाखालची काही मिलिमीटर त्वचा काढतात. त्यामुळे नाक आणि ओठांमधलं अंतर कमी होतं, वरचे दात जरा जास्त दिसतात. हा बदल कायमचा, व्रणही नाकाच्या बुडाशी राहतो. फिलर (ओठ भरायचं इंजेक्शन) मात्र काही महिन्यांत ओसरतो.

खरी गंमत बाजूने बघितल्यावर कळते. हनुवटी मुळात मागे असेल, तर भरलेले ओठ पुढे आल्यासारखे वाटतात आणि हनुवटी आणखीच बारकी दिसते. वरचा ओठ खालच्यापेक्षा जाड केला की (हल्ली फॅशनच आहे म्हणा) चेहरा बिघडू शकतो.

नाशिकमध्येच करणार असाल, तर कॉलेज रोडवर ऑफर बघून पार्लरमध्ये शिरू नका. प्लास्टिक सर्जनला आधी बाजूचा फोटो काढून हनुवटीसकट मोजमाप करायला सांगा.