पडलेला हेवीवेट परत चॅम्पियन होतो का?

प्रश्न : नमस्कार दादा, मी सेलूचा, जिल्हा परभणी. संध्याकाळी तालमीतून आलो की आम्ही चार-पाच पोरं मोबाईलवर बॉक्सिंग बघतो. हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड वजनगटातला इंग्लंडचा बॉक्सर अँथनी जोशुआ २०२४ ला लंडनच्या वेम्बलीत डॅनियल डुबॉयकडून चार वेळा पडला अन् पाचव्या राऊंडला खेळ खलास. आमचे वस्ताद म्हणाले, हेवीवेट एकदा असा झोपला की परत जगाचा चॅम्पियन होत नसतो. खरंय का? आमच्यातला एक पोरगा जत्रेत नारळाच्या कुस्तीला चितपट झाला तेव्हापासून तालमीकडं फिरकला नाही, त्याच्यासाठी पण विचारतोय.

उत्तर : वस्तादांना आधी नमस्कार सांगा, कारण त्यांचं म्हणणं १९६० पर्यंत अगदी खरं होतं. जॅक डेम्प्सी १९२६ ला हरला, पुढच्या वर्षी त्याच जीन टनीपुढं परत हरला. जो लुईससारखा माणूस रिटायर होऊन परत आला, त्यालाही बेल्ट, म्हणजे चॅम्पियनचा पट्टा, परत मिळाला नाही. हेवीवेटला गेलेली गादी परत मिळतच नाही असं सगळे धरूनच चालायचे.

मग फ्लॉइड पॅटरसन आला. १९५९ ला स्वीडनच्या इंगेमार योहान्सननं त्याला तिसऱ्या राऊंडमधी सात वेळा पाडलं, सात! पहिल्यांदा उठला तेव्हा तो इतका बधिर होता की समोरच्याकडं पाठ करून चालायला लागला. वर्षभरानं, जून १९६० ला, तोच पॅटरसन न्यूयॉर्कला पाचव्या राऊंडला डाव्या हाताचा बाजूनं वळवून असा हुक मारतो की योहान्सन पडून राहतो अन् त्याचा पाय नुसता थरथरतोय, आणि पॅटरसन आनंद करायचा सोडून खाली बसून त्याचं डोकं हातात धरतो. मला हा क्षण बेल्टपेक्षा मोठा वाटतो. हेवीवेटचा बेल्ट परत मिळवणारा तो पहिला.

त्यानंतर रस्ता मोकळाच झाला की वो. मुहम्मद अलीनं १९७४ ला किन्शासात जॉर्ज फोरमनला आठव्या राऊंडला पाडून गेलेला बेल्ट परत घेतला, १९७८ ला स्पिंक्सकडून हरून त्याच वर्षी परत जिंकला. आणि तोच फोरमन १९९४ ला, वय ४५, मायकेल मूररला दहाव्या राऊंडला झोपवून परत चॅम्पियन! व्लादिमीर क्लिच्को २००३ अन् २००४ ला पडला, २००६ ला बेल्ट घेतला तो २०१५ पर्यंत सोडलाच नाही.

पण मला सगळ्यात पटतं ते लेनॉक्स लुईसचं. १९९४ ला ऑलिव्हर मॅकॉलनं त्याला दुसऱ्याच राऊंडला पाडलं, तेव्हा मॅकॉलच्या कॉर्नरला इमॅन्युएल स्टुअर्ड नावाचा कोच होता. लुईसनं काय केलं, त्याच स्टुअर्डला आपला वस्ताद केला! ज्याला आपली चूक दिसली त्याच्याकडूनच ती काढून घेतली, अन् १९९७ ला मॅकॉललाच हरवून बेल्ट परत आणला. एवढं मन मोठं करायला काळीज लागतं.

जोशुआचं म्हणाल तर त्यानं हे एकदा करून दाखवलंय. जून २०१९ ला अँडी रुइझनं त्याला चार वेळा पाडलं, डिसेंबरला हा साडेचार किलो उतरवून आला, रुइझ उलट सात किलो वाढवून आला, जोशुआ बारा राऊंड लांबूनच जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, मारत फिरला आणि पॉइंटवर जिंकला. पण डुबॉयपुढं उजव्या हाताचा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, मारायला गेला, तोंड उघडं पडलं अन् तिथंच बसला. ही सवय मोडता येते. जन्म मात्र १९८९ चा, त्यात युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिककडून दोनदा हरलेला, म्हणून मला तरी त्याला परत बेल्ट मिळणं लै अवघड वाटतं, पण फोरमनकडं बघून "नाहीच" म्हणायला जीभ धजत नाही.

वस्ताद एका ठिकाणी बरोबर आहेत. डाव चुकून पडलेला परत येतो, अंगच संपलेला येत नाही. १९८० ला अली ३८ वर्षांचा होता, लॅरी होम्सचे ठोसे नुसते खात राहिला, शेवटी दहा राऊंडनंतर त्याच्याच कॉर्नरच्या माणसांनी फाइट थांबवली. ते बघवत नाही.

तुमच्या त्या पोराचं तर वय जायचंच आहे अजून. त्याच्या घरी जा, कुस्तीचा व्हिडिओ कुणी काढला असेल तर वस्तादांना सोबत बसवून हळूहळू बघा, पडायच्या आधी त्याचा पाय कुठं होता ते शोधा. आणि ज्यानं त्याला पाडलं तो पैलवान जवळपासचा असेल तर चार दिवस त्याच्यासोबतच सराव करायला विचारा, पैलवान माणूस सहसा नाही म्हणत नाही.