साडेपाच वर्षांच्या मुलाला झाडाचं जीवनचक्र आणि कुजणं कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलाला बी, रोप, फूल, फळ हे सगळं पाठ आहे, पण झाड मेल्यावर काय होतं हे सांगणं घाण आणि जरा भीतिदायक वाटतं, तर तो भाग सध्या सोडून दिला तर चालेल का. नाही चालणार. हेच वाक्य मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकून घेतलंय, म्हणून एवढं लिहायला बसले.

29 ऑगस्ट 2017. मुंबई-ठाण्यातल्यांना तो पाऊस आठवत असेल, लोकल जागच्या जागी उभ्या होत्या. आमच्या पाच दिवसांच्या गणपतीचं विसर्जन नेमकं त्याच दिवशी. आम्ही ठाण्याच्या चरईतले, तलावपाळीचा तलाव जवळच, पण बाप्पांना कसंबसं पोचवून भिजत परत आलो आणि निर्माल्याची पिशवी घरीच राहिली. दुसऱ्या दिवशी ती नेऊन टाकायचा सगळ्यांनाच कंटाळा. मी ती रंगाच्या रिकाम्या बादलीत ओतली आणि बादली बाल्कनीत ठेवली. डोंबिवलीच्या मोठ्या जाऊबाई गाड्या बंद म्हणून मुक्कामाला होत्या. त्यांनी नुसतं बघितलं. बोलल्या नाहीत, तेव्हा.

लेक सहा वर्षांची. चौथ्या दिवशी नाक धरून आत आली, "आई, बाप्पाचा वास येतोय!" चूक माझीच. बादलीला भोकं पाडली नव्हती, दूर्वा-फुलांचं पाणी तळाशी साचलं होतं. हवा मिळाली नाही की घाण वास सुटतो, हवा खेळती असली की मातीसारखा वास येतो. भोकं पाडली, खालच्या बदामाची सुकी पानं चुरून घातली, कुंडीतली दोन मुठी माती टाकली. कुजवणारे जंतू आणि बुरशी त्या मातीतच असतात, विकतचं कल्चर (कुजवायला मिळणारं जंतूंचं विरजण) घेऊ नका. दोन-तीन दिवसांत वास गेला.

मग खरी मजा. झेंडू आधी तपकिरी, मग चिकट, मग त्याच्यावर पांढरी, पिंजलेल्या कापसासारखी बुरशी. एकदा लेकीने वरून तळवा धरला आणि मला हाक मारली, "आई, हिला ताप आलाय." खरंच कोमट लागत होतं. जंतू खात असतात तेव्हा ऊब निघते, मोठ्या ढिगात तर 60 अंशांपर्यंत जाते. पुढे चपट्या करड्या अळ्या आल्या. ती ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीची पिल्लं, चावत नाहीत, अन्न भराभर संपवतात. मी ओरडले, लेक मोजत बसली.

पितृपक्षात सासऱ्यांचं श्राद्ध होतं. ते आदल्या वर्षी गेले. पंगतीत लेकीने विचारलं, "काकू, आजोबांचीपण अशीच माती झाली का?" सगळ्यांचे हात थांबले. जाऊबाई म्हणाल्या, "नाही गं बाळा, आजोबा तारा झाले." आणि मग आत येऊन मला, "देवाची फुलं सडवायची आणि पोरीला हे असलं शिकवायचं! हा भाग सोडला असता तर काय बिघडलं असतं?"

मी लेकीला रात्री सांगितलं की आजोबांना अग्नी दिला, त्यांची राख झाली, ती नदीच्या पाण्यात गेली. फुलांना आपण जाळलं नाही, म्हणून त्यांची माती होतेय. ती "बरं" म्हणाली आणि उरलेली खीर मागितली. घाबरलो होतो आम्ही मोठे.

नवरात्रात ते अर्धवट कुजलेलं खत कुंडीत उपसलं, आणि काही न पेरता झेंडू उगवला. वर पडलेली काही फुलं कुजायच्या आत वाळली होती, त्यांतलं बी. झेंडूचं एक फूल म्हणजे बारक्या फुलांचा गुच्छ, पाकळीच्या बुडाशी जी काळी काडी दिसते ते बी. तुमच्या मुलाला हाराच्या वाळक्या फुलातून ते उपटू द्या, तक्ता नंतर दाखवा. फुलं आली तोवर मार्गशीर्ष लागला होता. गुरुवारी जाऊबाई आल्या आणि घटाला लावायला दोन खुडून घेतली, मला न विचारता. मीही काही बोलले नाही. (आणि परंपरेचंच म्हणाल तर झेंडू मूळचा मेक्सिकोचा.)

बादलीत न कुजलेली एकच वस्तू सापडली, हाराचा नायलॉनचा दोरा, जसाच्या तसा. काय कुजतं आणि काय नाही, हे लेकीला त्या दोऱ्याने शिकवलं. मी वेगळं काही सांगितलं नाही.

तर तुम्ही काय कराल? शाळेत कापसात मूग करतातच, पण तो आठ-दहा दिवसांत माना टाकतो. बियातला डबा संपतो आणि कापसात खायला काही नसतं. तेव्हा गुपचूप फेकून नवा ठेवू नका. तोच मेलेला मूग कुंडीत पुरा, वर आइसक्रीमची काडी रोवा, दर रविवारी उकरून बघा. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात गेलात तर पडलेला ओंडका बघा, पावसाळ्यात त्यावर भूछत्रं असतात. फक्त बघायची, तोडायची नाहीत, चाखायची तर नाहीच.

राहिलंच. मुलाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर बुरशीजवळ तोंड नेऊ देऊ नका आणि बादली तुम्हीच हलवा. शिजवलेलं अन्न घालू नका, उंदीर येतात. हात साबणाने. आणि घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर महिनाभर थांबा, हे जाऊबाईंचं मी आता मान्य करते. तारा मात्र नाही.

जाऊबाई इथे नाहीत, त्यामुळे त्या हे वाचणार नाहीत. त्यांचा मुलगा आहे.