उन्हाळा लागला की आमचा कॉकटील चावरा होतो. काय करावं?

तुमचा तीन वर्षांचा नर, एरवी खांद्यावरून न उतरणारा, मार्चपासून रक्त निघेपर्यंत चावतोय आणि घरचे ‘सोडून द्या’ म्हणताहेत, हे वाचून लगेच लिहायला बसले. आधी एक विनंती: सोडू नका. कॉकटील हा तुरेवाला छोटा पोपट मूळचा ऑस्ट्रेलियाचा. पिंजऱ्यात जन्मलेल्या पाखराला बाहेर दाणापाणी शोधता येत नाही, कावळ्यांपुढे त्याचा टिकाव लागत नाही.

त्याचा राग तुमच्यावर नाही, तो घरटं राखतोय. कॉकटीलमध्ये अंडी दोघं मिळून उबवतात, बहुतेकदा दिवसा नर आणि रात्री मादी. म्हणून जोडीदारीण नसली तरी नर एखादा अंधारा कोपरा आपला मानतो आणि तिथे येणाऱ्या हातावर तुटून पडतो. आमच्या किट्टूनं चपलांच्या रॅकमागची फट धरली होती. आई चप्पल घ्यायला वाकली आणि तिच्या बोटाला कडकडून चावला. आठवडाभर आम्ही ‘आईवरच का चिडला?’ हेच बोलत राहिलो, त्या फटीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. फट पुठ्ठ्यानं बुजवली तेव्हा कुठे तो निवळायला लागला. तुमच्याकडेही तो हल्ली कुठे घुसतो ते बघा: कपाटावर, पलंगाखाली, पडद्यामागे. पिंजऱ्यात लाकडी खोका किंवा मडकं असेल तर आजच काढा.

आता नागपूरचं घर. यांच्या मूळ मुलखात पाऊस पडून गवताला दाणा धरला की वीण सुरू होते. आणि आपण एप्रिल-मेमध्ये काय करतो? पडदे ओढून अंधार, कूलरची ओली हवा, दिवसभर भरलेली वाटी, रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट. मला तर वाटतं, त्याच्यासाठी घरातच पावसाळा येतो. ४५ अंशांत कूलर बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही, फक्त झोत थेट अंगावर नको. उजेड मात्र आपल्या हातात आहे. मेअखेर दिवसच १३ तासांच्या वर असतो, त्यात आपण दिव्यांचे चार तास जोडतो. संध्याकाळी सातला पिंजरा शांत, हवेशीर खोलीत न्या, वर पातळ सुती कापड टाका, सकाळी सातला काढा. कॉकटील रात्री दचकून फडफडतात, म्हणून एक मिणमिणता दिवा राहू द्या. आमच्याकडे सगळ्यात जास्त गुण यानंच आला.

कुरवाळायचं फक्त डोकं आणि मान. पाठीवरून, पंखांखालून हात फिरवला की पाखराला ते जोडीदाराचं वागणं वाटतं. आम्ही टीव्ही बघताना रोज नेमकं तेच करत होतो. उकडलेलं अंडं, भुट्टा, भिजवलेलं कडधान्य, सूर्यफुलाच्या बिया काही दिवस कमी करा. नेहमीचा दाणा, मेथी, कोथिंबीर चालू द्या.

चावलाच तर हात झटकू नका, ओरडू नका, तोंडावर फुंकर मारू नका. हात मागे गेला की ‘चावलं की माणूस हटतं’ हे तो शिकतो. त्यापेक्षा चावायची वेळच येऊ देऊ नका. तुरा मागे डोक्याला चिकटला, फिस्कारला, अंग खाली करून डुलायला लागला की थांबा. तो आत असताना पिंजऱ्यात हात घालू नका. काठीवर चढायला शिकवा, चढला की लगेच कांगणीचे (राळ्याचे) दोन दाणे. बाहेर आल्यावर पिंजरा साफ करा, तेव्हाच वाट्या-काठ्यांच्या जागाही बदला. असं सगळ्यांनी तीन-चार आठवडे नेटानं पाळा, एकानं पाळून उपयोग नाही.

तो पिसं फुलवून गप्प बसत असेल, विष्ठा बदलली असेल किंवा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन उतरताना दिसत असेल, तर हे हंगामाचं चावणं नाही, दुखणं असू शकतं. मग थांबू नका. सेमिनरी हिल्सला वन विभागाचं उपचार केंद्र आहे, पण ते जंगली प्राण्या-पक्ष्यांसाठी. त्याला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्या, तेही सेमिनरी हिल्सलाच आहे. नेताना सकाळी लवकर निघा, दुपारच्या उन्हात पिंजरा गाडीवर नेऊ नका.