रब्बी नसेल तर बेने इस्राएली सिनेगॉगमध्ये प्रार्थना कोण चालवतो?
प्रार्थना हज्जन चालवतो आणि सिनेगॉगचा, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाचा, कारभार मुकादम पाहतो. महाराष्ट्रातील बेने इस्राएली या ज्यू समाजात रब्बीवाचून ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. याचे कारण असे की, रब्बी हा पुरोहित नसून धर्मशास्त्राचा शिक्षक व निर्णय देणारा जाणकार असतो. सामूहिक प्रार्थनेसाठी पारंपरिक रीतीनुसार तेरा वर्षांवरील दहा पुरुष आणि हिब्रू पाठ शुद्ध म्हणणारा एक जण पुरेसा ठरतो. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले, त्यापूर्वी कोकणातील गावोगावी धार्मिक विधी आणि तंट्यांचा निवाडा समाजातलेच ‘काजी’ करीत असत. मलिदा या कृतज्ञतेच्या विधीतही, पोहे, ओले खोबरे, गूळ व फळांचे ताट समोर ठेवून संदेष्टा एलियाहूच्या स्मरणाचे पाठ हज्जनच म्हणतो, आणि या समाजाची खरी ओळख मला त्यातच दिसते. मात्र धर्मांतर किंवा धार्मिक घटस्फोट यांसारख्या बाबी हज्जनच्या अधिकारात येत नाहीत. त्यांसाठी रब्बींच्या न्यायमंडळाकडेच जावे लागते.